बरणी कुठल्या बॅगेत? नाशिकहून इंग्लंडला येणाऱ्या पोरांसाठी

सप्टेंबर जवळ आला की नाशिकहून फोन सुरू होतात. थंडीचं जॅकेट तिकडून आणू का? इथेच घ्या. बँकेचं खातं? आल्यावर बघू. खरं बोलायचंय ते लोणच्याच्या बरणीबद्दल.

केबिन बॅगेत, म्हणजे विमानात सोबत नेतो त्या बॅगेत, १०० मिलीच्या वर द्रव काही चालत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी मुंबईच्या सिक्युरिटीत बरणी सोडून आलेलं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतंच. गडबड त्याच्या आधी, चेक-इन काउंटरवर झालेली असते. २३ किलोची बॅग २५ भरते. मागे रांग, समोर घाई. पोरगा खाली बसून बॅग उघडतो आणि सगळ्यात वर काय, तर निघताना मावशीने नाशिकच्याच द्वारका चौकात गाडी थांबवून दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी. ती जाते पाठीवरच्या सॅकमध्ये. वजन बसतं, बॅग पट्ट्यावरून आत जाते आणि थोड्या वेळाने तीच बरणी स्कॅनरपलीकडच्या टेबलावर काढून ठेवलेली असते. आता मोठी बॅग परत मिळणार नाही. बरणी बाबांकडे द्यावी, तर ते टर्मिनलच्या बाहेर, नाहीतर परतीच्या वाटेवर कसारा घाटात.

म्हणून काय करायचं ते नाशिकलाच करा. लटकवायचा काटा आणा आणि बॅग २२ वर थांबवा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं पटेलच असं नाही. बॅगेत सगळ्यात वर एक कापडी पिशवी ठेवा: कोंडाजीचा चिवडा, मनुका, एखादी जीन्स, पुस्तकं. काउंटरवर वजन जास्त भरलं तर ती पिशवी उचलायची. केबिनमध्ये जाईल ते कोरडंच. मावशीच्या बरणीला आदल्या दिवशीच बोलवा, द्वारकेला नको.

आता नियमातली मेख. मोजतात ती डब्याची क्षमता, आत किती उरलंय ते नाही. १५० मिलीची पेस्टची ट्यूब तळाला गेलेली असली तरी काढून घेतात. सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एक लिटरच्या, बंद होणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत बसायला हव्यात. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे. लोणचं, ओला ठेचा, जॅम, दही, क्रीम, सगळं त्यातच. ‘खोबरेल थिजलंय, म्हणजे घट्टच झालं की’ हा युक्तिवाद तिथे करू नका. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात न्यायचा कट ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघड झाला, तेव्हापासून हे चाललंय. लहान मुलाचं दूध आणि लागणारं औषध याला सूट आहे. औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. आजीने रामकुंडाच्या पाण्याचा गडू दिला तर तो मोठ्या बॅगेत. ओटीतली खोबऱ्याची वाटी मात्र घरीच, कारण सुक्या खोबऱ्याला २०२२ पासून भारतात चेक-इन सामानातही बंदी आहे.

दुबई किंवा दोहाला विमान बदलणार असाल तर तिथे पुन्हा तपासणी होते. मुंबईत सिक्युरिटीनंतर घेतलेली पाण्याची बाटली तिथे काढून घेतात. ड्यूटी फ्रीचं अत्तर घेतलंत तर आत पावती असलेली ती सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत उघडू नका. वास घ्यायची एवढी घाई काय असते कळत नाही.

इथले जुने काका सांगतील, ‘आम्ही नेलं होतं, काही झालं नाही.’ ते कधी आले विचारा. बरेचसे २००६ च्या आधीचे निघतील.

लोणचं चेक-इनमध्ये खुशाल आणा. काचेची बरणी नको, प्लास्टिकची घ्या आणि गळ्यापर्यंत भरू नका. तोंडावर प्लास्टिकचा कागद घालून मग झाकण फिरवा, दोन पिशव्यांत बांधा आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा. सूटच्या शेजारी अजिबात नको. तेलाचा डाग इथल्या ड्रायक्लीनरला आणि तुमच्या खिशाला, दोघांनाही झेपत नाही.

तूप, पेढे, खवा मात्र कुठल्याच बॅगेत नको. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. नाशिकची साधी, न फेसाळणारी वाइन आणायची असेल तर माणशी १८ लिटरपर्यंत कर नाही. या देशाचं हे असंच आहे: वाइनच्या पेट्या चालतील, आईच्या हातचं पाव किलो तूप चालणार नाही. तूप लेस्टर, वेम्बलीच्या दुकानांत मिळतं. चव विचारू नका.

सुट्टीला घरी जाताना वेगळाच घोळ होतो. बर्मिंगहॅम आणि एडिनबराला नव्या स्कॅनरमुळे आता दोन लिटरपर्यंतची बाटली केबिनमध्ये चालते, म्हणून पोरं शाम्पूच्या मोठ्या बाटल्या सॅकमध्ये टाकतात. वाटेत विमान बदललं की तिथला नियम लागतो, आणि तिथे बहुतेक १०० मिलीच.