ख्रिस्ती पंथांचा अभ्यास: भाकरीपासून सुरुवात करा

ख्रिस्ती पंथ समजून घ्यायला बसलो तेव्हा मी आधी वंशवृक्षासारखा तक्ता काढला. ४५१, १०५४, १५१७... प्रत्येक सालाला एक फांदी. सगळं पाठ झालं, पण फरक नेमका कशात आहे असं कुणी विचारलं की उत्तर सुचायचं नाही.

वाट सापडली ती जर्मनीतल्या मारबुर्गच्या भेटीबद्दल वाचताना. १५२९ साली प्रोटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी, १५१७ ला तिची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर आणि झ्युरिकचा झ्विंग्ली, तिथे समोरासमोर बसले. पोपची सत्ता दोघांनीही झुगारलेली. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. अडलं ते येशूच्या शेवटच्या भोजनातल्या एका वाक्यावर: 'हे माझे शरीर आहे.' ल्यूथरने ते शब्द खडूने मेजावर लॅटिनमध्ये लिहिले आणि शेवटपर्यंत धरून ठेवले. झ्विंग्लीच्या लेखी 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. एवढ्या एका क्रियापदापायी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याला मी सांगतो, आधी उपासनेला जाऊन बसा आणि येशूच्या त्या भोजनावरून चालत आलेल्या विधीत, म्हणजे प्रभुभोजनात, भाकरीचं काय होतं ते बघा. कॅथलिक मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, बिनखमिराची पातळ गोल चकती असते. धर्मगुरूच्या प्रार्थनेने तिचं सत्त्वच पालटून ती ख्रिस्ताचं शरीर होते, रूप आणि चव तेवढी तीच राहते, अशी श्रद्धा आहे. उरलेली भाकर बंद पेटीत जपून ठेवतात, जवळ दिवा तेवत असतो. हे पाहिल्यावर दीक्षित धर्मगुरूला इतकं महत्त्व का, ते मला पहिल्यांदा उमगलं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये खमिराची भाकर द्राक्षारसात भिजवून चमच्याने देतात, अगदी तान्ह्या बाळालाही. १०५४ च्या रोम (कॅथलिक) आणि कॉन्स्टँटिनोपल (ऑर्थोडॉक्स) यांच्या फुटीत पोपच्या अधिकाराबरोबर या खमिरावरूनही वाद होता. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या बऱ्याच मंडळींत तबक हातोहात फिरतं, आणि प्रभुभोजन ही मुख्यतः आठवण असते.

सगळ्याच कुलुपांना ही किल्ली लागत नाही. कॉप्टिक (इजिप्तमधलं) आणि आर्मेनियन चर्च ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेनंतर वेगळी झाली ती ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण कसं मांडावं यावरून. नावात ऑर्थोडॉक्स असलं तरी त्यांना ग्रीक-रशियन परंपरेत ढकलू नका. मी ती चूक बरेच दिवस केली. पेंटेकॉस्टल पंथाचा भर पवित्र आत्म्याच्या अनुभवावर. १९०६ पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर भरलेल्या सभांनी तो दूरवर पोचवला.

१९६५ साली पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख, पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ चे परस्परांवरचे बहिष्कार मागे घेतले. तरी एका वेदीवरची भाकर दोघांनी मिळून घेणं अजून झालेलं नाही. तुम्ही पाहायला गेलात तर भाकर वाटताना जागेवरच बसून राहा. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती सहसा आपल्याच सभासदांना देतात.