मधुमेहात आहाराबाबत नेमके कोणाचे ऐकावे?

डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगतात, तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे खाण्याचा आग्रह धरतात. गिरगावातल्या चाळीत शेजारच्या काकू भात बंद करायला लावतात आणि दादरची आत्या साखरेऐवजी गूळ सुचवते. टाइप 2 मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाने हा वाद घरात मिटवत बसू नये. त्याची तड स्वतःच्या रक्तातील साखरेच्या नोंदींवर लावावी.

मात्र जेवणाच्या वेळा बदलण्याआधी गोळ्यांची नावे पाहावीत. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड सुरू असेल, अथवा इन्सुलिन घेत असाल, तर जेवण चुकल्यास साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या (पुढचे आकडेही याच एककात) खाली जाऊन घाम सुटणे, हात थरथरणे असे त्रास होऊ शकतात आणि गर्दीच्या लोकलमध्ये ते फार महागात पडते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर लांब उपवास किंवा पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करणे वेगळ्या कारणाने धोक्याचे असते, कारण त्यातून रक्तात आम्ल साचू शकते. म्हणून असा कोणताही बदल डॉक्टरांशी बोलल्यावरच करावा.

त्यानंतर ज्या सल्ल्यांना प्रयोगाची गरजच नाही, ते बाजूला काढावेत. गूळ हीही मुख्यतः साखरच आहे, त्यामुळे आत्याचा सल्ला येथेच निकालात निघतो. गोड पेये टाळणे, भाज्या व डाळी वाढवणे आणि जेवल्यावर थोडे चालणे याबाबत फारसे मतभेद नाहीत. तेवढे लगेच सुरू करावे.

उरला भात. एका दिवशी नेहमीचा वाटीभर भात आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी घ्यावी. भाजी, आमटी, गोळ्या, जेवणाची वेळ आणि नंतरचे चालणे मात्र तेच ठेवावे, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. पहिल्या घासापूर्वी आणि त्यानंतर बरोबर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजावी, म्हणजे एक वाजता डबा उघडला तर तीन वाजता. बोट टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. आंबा चिरलेल्या बोटाने मोजल्यास आकडा उगाच फुगतो. चांगल्या यंत्राच्या आकड्यातही 15 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे दहा-बारा अंकांवरून भाताला दोष देऊ नये आणि हीच जोडी निदान तीनदा तपासावी. पुष्कळांच्या बाबतीत भात बंद करण्याऐवजी वाटी लहान करून आधी भाजी-उसळ खाल्ली तरी काम भागते.

अनेक प्रौढांसाठी जेवणाआधी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या खाली हे लक्ष्य धरले जाते, परंतु वृद्धांसाठी ते सैल असू शकते. नोंदवही पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवून ‘काय खाऊ?’ एवढेच विचारू नये. ‘अर्ध्या वाटी भातावर माझी साखर इतकी येते, तो चालू ठेवू का?’ असे विचारावे. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास तोही सांगावा, कारण मग प्रथिनांचे प्रमाण वेगळे ठरवावे लागते.