दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशोब कसा करायचा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून विमानाचं अंतर मोजू नका. लंडन–न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा मार्ग अशा नकाशावर उत्तरेकडे फुगलेला कमानीसारखा दिसतो, आणि मोजायची ती हीच कमान.

आधी शहर नव्हे, विमानतळ नक्की करा. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही. पहिल्याचा कोड एसजेसी, दुसऱ्याचा एसजेओ. कोडवरून अक्षांश-रेखांश घ्या आणि दशांशात लिहा. अक्षांश-रेखांशातली ३० मिनिटं म्हणजे ०.५ अंश, ०.३० नव्हे, ही चूक फार होते. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश यांना उणे चिन्ह द्या. मग हे सूत्र:

कॉस (कोन) = साइन (अक्षांश १) × साइन (अक्षांश २) + कॉस (अक्षांश १) × कॉस (अक्षांश २) × कॉस (रेखांशांतला फरक)

लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७, −०.४५ आणि न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४, −७३.७८ घेतले, तर रेखांशांतला फरक ७३.३३ आणि उजवी बाजू ०.६४५१ येते. तिचा उलटा कॉस ४९.८३ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणजे २,९९० सागरी मैल, त्याला १.८५२ने (एका सागरी मैलाचे किलोमीटर) गुणलं की साधारण ५,५४० किलोमीटर. उत्तर विचित्र आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे का ते आधी बघा. २०,००० किलोमीटरच्या फार वर आकडा गेला, तर तो चूकच. पृथ्वीवर तेवढं अंतरच नाही.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरून नुसता ९००ने भाग देऊन मिळणारे सहा तास दहा मिनिटं कामाचे नाहीत. विमान अगदी जवळच्या रेषेवरून क्वचितच जातं, म्हणून अंतरात ३ टक्के वाढवा: ५,७०० किलोमीटर. खरा फरक पाडतो तो वारा. उत्तर अटलांटिकच्या या पट्ट्यात विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात जास्तच. त्यामुळे न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीसापेक्ष वेग ताशी ८०० धरा, परतताना १,०००. जाताना ७ तास ८ मिनिटं, येताना ५ तास ४२ मिनिटं. चढण्या-उतरण्यातल्या कमी वेगासाठी २५ मिनिटं आणि धावपट्टीपर्यंतच्या ये-जा व रांगेसाठी ३० मिनिटं मिळवली, की जाताना आठ तासांच्या आसपास, येताना सुमारे ६ तास ४० मिनिटं. वेळापत्रकात उशिराची सोय म्हणून थोडी जास्तच वेळ दिलेली असते.

बंद हवाई हद्द असेल तर ३ टक्क्यांचा नियम मोडीत निघतो. हेलसिंकी–टोकियो अंतर आहे तेवढंच आहे, पण २०२२मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. अशा वेळी वळसा घेणाऱ्या मार्गावरचे दोन-तीन बिंदू निवडा आणि प्रत्येक तुकड्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करा.

तिकिटावरून वेळ काढताना दोन्ही घड्याळं यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) आणा, कारण तिथल्या वेळा स्थानिक असतात. उन्हाळ्यात जेएफकेहून १८:३०ला निघून हीथ्रोला ०६:३०ला पोहोचणं म्हणजे यूटीसीत २२:३० ते ०५:३०, सात तास (तेव्हा न्यूयॉर्क यूटीसीच्या चार तास मागे, लंडन एक तास पुढे). मार्चमध्ये जपून: अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या काळात दोघांतला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.