डिस्चार्ज कार्डावरची आतड्याची जोडणी कशी वाचावी

आतड्याचा तुकडा काढल्यावर उरलेली टोके जिथे जोडतात, त्या जोडाला ॲनास्टोमोसिस म्हणतात. कार्डावरचा लांबलचक शब्द शेवटाकडून फोडा. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकले, ‘ऑटॉमी’ म्हणजे चिरून उघडले, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड केले.

सगळा घोळ ‘ऑस्टॉमी’त होतो. तिच्याआधी एकाच अवयवाचे नाव असेल, जसे कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचे) किंवा इलिओस्टॉमी (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे), तर ते तोंड पोटाच्या कातडीवर असते आणि या दोन्हींत पिशवी लावावी लागते. दोन नावे असतील तर जोड आतल्या आत. गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमीत जठर जेजुनमला, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाला, जोडलेले असते. पिशवीचा प्रश्नच नाही. नावे बहुधा अन्नाच्या वाटेने येतात, आधी वरचा भाग, मग खालचा. ‘इलिओट्रान्सव्हर्स’ म्हणजे लहान आतड्याचा शेवट मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाला जोडला. उजवी हेमिकोलेक्टॉमी झाली, म्हणजे मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला, की हे दिसते.

‘कोलोरेक्टल’ (मोठे आतडे गुदाशयाला) किंवा ‘कोलोॲनल’ (मोठे आतडे गुदद्वाराला) जोडासोबत ‘लूप इलिओस्टॉमी’ही (लहान आतड्याचा वळसा कातडीवर आणून केलेले तोंड) लिहिलेली असली तर कार्ड चुकलेले नाही. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका गळतीचा धोका जास्त. म्हणून मळ काही काळ वरूनच बाहेर वळवतात.

‘एंड-टू-एंड’ म्हणजे टोकाला टोक, ‘एंड-टू-साइड’ म्हणजे टोक कुशीला, ‘साइड-टू-साइड’ म्हणजे कुशीला कूस. ‘फंक्शनल एंड-टू-एंड’ हे नाव मात्र फसवे आहे: स्टेपलरने केलेला तो जोड रचनेने साइड-टू-साइडच असतो.

‘3-0 पीडीएस, सिंगल लेयर’ म्हणजे पीडीएस या विरघळणाऱ्या धाग्याने हाताने घातलेले एकाच थराचे टाके; 3-0 ही धाग्याची जाडी. 4-0 धागा 3-0पेक्षा बारीक असतो, जाड नव्हे. टाक्यात सबम्युकोसा (आतल्या अस्तराखालचा थर) यायलाच हवा, कारण आतड्याच्या भिंतीची ताकद त्याच थरात असते. ‘29 मिमी सर्क्युलर स्टेपलर, डोनट्स कम्प्लीट’ म्हणजे यंत्राने कापलेली आतड्याची दोन्ही गोल कडी अखंड निघाली. कडे तुटके निघाले तर जोडात फट राहिल्याची शंका घेतात. ‘एअर लीक टेस्ट निगेटिव्ह’: जोड पाण्याखाली ठेवून गुदद्वारातून हवा भरली, बुडबुडे आले नाहीत.

‘टेन्शन-फ्री’ हा शेरा रुग्णाच्या मनाविषयी नाही. टोके ओढून जोडली किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटपुंजा राहिला, तर जोड फाटतो. गळती बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या आसपास उघडी पडते: ताप, वाढलेली नाडी, वाढती पोटदुखी. घरी असाल तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि ‘हार्टमन’ लिहिले असेल तर जोड शोधू नका. वरचे टोक पोटावर आणलेले असते, खालचे बंद करून आतच ठेवलेले.