वरातीत ओठ टिकवायचे तर

तीन तासांची वरात एकट्या ट्रम्पेटवाल्यानं ओढायची नसते. मुखडा एकानं घ्यावा, अंतरा दुसऱ्यानं; वरचे सूर येण्याआधी जोडीदाराला दम घेऊ द्यायलाच हवा. ओठ थकले की माउथपीस (ओठांना लावून फुंकायचा भाग) तोंडावर दाबायचा मोह होतो आणि तिथंच घात होतो: रक्त अडतं, ओठ सुजतात, सूर फाटतो.

निघण्यापूर्वी प्रत्येक व्हॉल्व्हला (बोटानं दाबायच्या खटक्याला) दोन-तीन थेंब व्हॉल्व्ह ऑइल. खोबरेल अजिबात नको, ते चिकटतं. वर कोरलेला आकडा बघून व्हॉल्व्ह ज्याच्या त्याच्या नळीत घाला, 'टक्' होईपर्यंत फिरवा. पहिला-तिसरा बदलला तर फुंकरच अडते.

उन्हात वाद्य तापून सूर चढतो. मुख्य स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) किंचित बाहेर ओढून जोडीदाराशी जुळवून घ्या. अडकलेल्या माउथपीसला पक्कड लावू नका, नळी पिळवटते.