गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात बदली झाली आहे? आधी माणसे आणि वाटा समजून घ्या

बदलीचा आदेश हातात पडला की नवे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका पहिला फोन करतात तो खोलीच्या भाड्यासाठी. खोली मिळेल. मी पश्चिम महाराष्ट्रातून येऊन इथेच रमलेला शिक्षक आहे. माझे सांगणे एवढेच, की आधी गावात माणसे किती आणि गावाला वाट कोणती ते विचारा. बाकी सगळे त्यावर ठरते.

२०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या छत्तीस हजारांच्या आसपास होती आणि गावे शंभराहून जास्त. गावामागे सरासरी साडेतीनशे माणसेसुद्धा नाहीत. तीही एकत्र नाहीत. टोले म्हणजे छोट्या वस्त्या विखुरलेल्या, मध्ये नाला, मध्ये जंगल. सरकारी सोयी मात्र डोकी मोजून येतात. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत रस्त्यासाठी सपाटीवर ५०० लोकवस्तीची अट होती, आदिवासी भागात २५०, आणि नक्षलग्रस्त तालुक्यांसाठी ती १०० पर्यंत खाली आणावी लागली. आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, म्हणजे इथे आठ-दहा गावांना मिळून एक. पावसात आपली आरोग्यसेविका किती चिखल तुडवते, ते या हिशेबातून कळते. तिला वेळेवर खबर देणे हे तुमचेही काम समजा.

आता येण्याचा रस्ता. जिल्ह्यात देसाईगंज म्हणजे वडसा स्थानक आहे, पण ते पार उत्तरेला. आपल्या कामाचे नाही. बल्लारशाहला उतरा. तिथून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आष्टीला वैनगंगा ओलांडावी लागते आणि पुढे लोहखनिजाच्या ट्रकांमुळे वेळेचा भरवसा नसतो, म्हणून सकाळी लवकर निघा. अहेरीला एसटीचे आगार आहे. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. त्यापुढे लाहेरीकडची किंवा आतली गावे असतील तर गाडीची वेळ चालक-वाहकांनाच विचारा, फलकावर विसंबू नका. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. बाजाराला निघालेल्या बायका गाडीत भेटतात. गावाची ओळख तिथेच सुरू होते.

पावसाळ्याबद्दल मात्र नीट ऐका. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावतीला पूर आला की पर्लकोटेचे पाणी मागे फुगते आणि भामरागडचा संपर्क तुटतो. आतल्या गावांना तर एखादा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बुडाला तरी पुरे. म्हणूनच दुर्गम गावांचे रेशन पावसाआधीच पोचवले जाते आणि दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला आधीच माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्याच्या सरकारी सोयीत, हलवतात. गावात अशी कोणी असेल तर जूनमध्येच आशाताईशी बोला. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर, ते घोट्याइतके दिसले तरी, गाडी घालू नका. शाळा एक दिवस बंद राहिलेली चालते.

मुक्कामी मच्छरदाणी हवीच, मलेरिया इथे बारमाही आहे. मार्च-एप्रिलात मोहफूल आणि मेमध्ये तेंदूपत्ता. तेव्हा अख्खे घर पहाटे जंगलात असते. तुमची बैठक, हजेरी, सर्वेक्षण त्या दिवसांत संध्याकाळी ठेवा. ग्रामसभा इथे जिवंत आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने टोल्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते, तेव्हा रस्त्याची मागणी तिच्या ठरावानेच पुढे न्या. इथली माडिया बोली रोज थोडी थोडी शिका, मुले आनंदाने शिकवतात.

बदल्या मे-जूनच्या सुमारास होतात, म्हणजे पावसाला दिवस थोडे उरतात. सामान आलापल्लीपर्यंत ट्रकने आणा आणि पुढचा ट्रॅक्टर गावातूनच ठरवा. कुठला नाला कधी उतरतो ते त्या चालकाला ठाऊक असते. धान्य, औषधे आणि सौर दिवा पहिल्याच खेपेत भरा, पुस्तके नंतर आली तरी चालतील.