प्रयोगशाळेत त्रिमितीय स्नायू-ऊती घडवताना या चुका टाळा

जेलमध्ये पेशी मिसळून घडवलेली स्नायूची पट्टी आकुंचन पावत नसेल, तर पहिला संशय माध्यमावर, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवावर जातो आणि महागडे वाढघटक मागवले जातात. बिघाड मात्र बहुधा जेल ओतण्याआधीच झालेला असतो.

उंदराच्या सी2सी12 पेशी (स्नायू घडवणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी) एकमेकींत विलीन होऊनच स्नायूचे तंतू बनवतात; थाळीत पूर्ण दाटू दिल्या, तर त्या तिथेच विलीन होऊ लागतात. विलीन झालेली पेशी पुन्हा विभागत नाही, त्यामुळे पुढच्या थाळीत जातात त्या मुख्यतः विलीन होण्यास नाखूष असलेल्या. म्हणून थाळी 60-70 टक्के भरताच पेशी हलवाव्यात.

फायब्रिनचे (रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचे) जेल करताना ते गोठवणारे विकर थ्रोम्बिन सर्वांत शेवटी मिसळावे, कारण त्यानंतर हाताशी फार थोडा वेळ उरतो. पिपेट शेवटपर्यंत दाबल्यास हवेचा बुडबुडा आत अडकतो आणि पुढे पट्टी नेमकी तिथेच तुटते.

जेलला दोन लवचिक सिलिकॉन खांबांचा आधार हवाच. पेशी जेल आकसतात, खांब त्याला विरोध करतात आणि त्या ताणाच्या दिशेने तंतू रांगेत येतात. आधार नसेल तर जेलचा नुसता गोळा होतो. पट्टी खांबावरून निसटत असेल, तर खांबाला रुंद टोपी द्यावी. पट्टी दिवसागणिक विरघळल्यासारखी पातळ होत असेल, तर पेशींची विकरे फायब्रिन पचवत आहेत असे समजून ते पचन रोखणारे अमिनोकॅप्रोइक आम्ल माध्यमात घालावे. पट्टी जाड करण्याचा मोह मात्र आवरावा: रक्तवाहिन्या नसल्याने प्राणवायू जेमतेम 100 ते 200 मायक्रोमीटर खोल पोहोचतो आणि गाभा मरतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्याचे दुखणे वेगळेच. दमट हवेत इनक्युबेटरच्या (पेशी उबेत ठेवण्याच्या कपाटाच्या) पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरते आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन या जिवाणूनाशकांचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. ट्रे वरचेवर निर्जंतुक करून त्यात निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणीच भरावे. (मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याच्यापुढेही निरुपयोगी, शिवाय तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते.) वीज गेल्यावर दार उघडून पाहण्याची सवय सर्वांत घातक ठरते, कारण उबेबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघून जातो. वीज परतल्यावर फिनॉल रेड हा रंगदर्शक असलेले माध्यम जांभळट दिसले, तर सामू (पीएच) वर गेला आहे. अशा वेळी घाईने माध्यम न बदलता आधी तापमान आणि वायूचे प्रमाण पूर्ववत होऊ द्यावे, आणि त्या दिवशी विद्युत-उद्दीपनाची (विजेच्या झटक्याने पट्टी आकुंचन पावते का हे पाहण्याची) चाचणी घेऊ नये.